सीताबर्डीच्या दगडाची गोष्ट

सीताबर्डी म्हटलं की आपल्याला बाजार आठवतो, १८१७ची लढाई आठवते. पण ही टेकडी त्याहून कितीतरी जुनी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची.

१८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप फावल्या वेळात, बिनपगारी, इथले दगड अभ्यासत. जवळच्या टाकळीत त्यांना दगड झालेले शंख मिळाले. म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात इथं गोडं पाणी होतं! १८६३ साली ते पुरात बुडून वारले. त्याच वर्षी आपला अजब बंगला सुरू झाला. त्यांनी टिपून ठेवलेली गोंडांची लिंगोकथा १८६६ साली छापली गेली. लिहिलेलं होतं, म्हणून टिकलं.

शेतात जुनं काही निघालं, तर कुठं, कधी, कुणाला मिळालं, याची चिठ्ठी आपण लिहू. गावातल्या निवृत्त शास्त्रज्ञांना, गुरुजींना संग्रहालयासाठी वेळ मागू. चिठ्ठी नसेल, तर तो नुसताच दगड.