पत्रा वाकवण्याचे ‘बॉक्स अँड पॅन ब्रेक’ यंत्र : निवड कशी करावी?

विजेच्या पॅनेलची पेटी किंवा उभ्या कडांचा ट्रे पत्र्यातून घडवायचा, तर चारही बाजू वाकवाव्या लागतात. सलग पट्टीच्या साध्या यंत्रावर समोरासमोरच्या दोन बाजू सहज वाकतात. उरलेल्या दोन वाकवताना आधी उभ्या केलेल्या बाजू वरच्या पट्टीला अडतात. बॉक्स अँड पॅन ब्रेकमध्ये ही वरची पट्टी निरनिराळ्या रुंदीच्या, काढता-घालता येणाऱ्या तुकड्यांची असते. या तुकड्यांना ‘फिंगर’ म्हणतात. पेटीच्या रुंदीत मावतील तेवढेच फिंगर ठेवून बाकीचे काढले, की उभ्या बाजूंना जागा मिळते.

क्षमता : यंत्रावर लिहिलेली जाडी बहुधा माइल्ड स्टीलसाठी असते. स्टेनलेस स्टीलला अधिक जोर लागतो. १६ गेजचे यंत्र अनेकदा स्टेनलेसच्या २० गेजपर्यंतच चालते. किनारी भागात खाऱ्या हवेमुळे स्टेनलेसची कामे बरीच येतात, म्हणून हा आकडा स्वतंत्रपणे विचारावा. जाडी दुप्पट झाली, तर जोर सुमारे चौपट लागतो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो आणि गेजची कोष्टकेही वेगवेगळी आहेत : ब्रिटिश कोष्टकात १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, तर अमेरिकी कोष्टकात पोलादासाठी १.५२ मिलिमीटर. त्यामुळे व्यवहार मिलिमीटरमध्येच करावा.

फिंगर : पेटी किती खोल करता येईल, हे फिंगरच्या उंचीवर ठरते. सोबत कोणत्या रुंदीचे तुकडे मिळतात आणि ते जोडून आपली नेहमीची मापे जुळतात का, हेही पाहावे.

जुळवणी : पत्र्याच्या जाडीनुसार फिंगरची धार मागे सरकवता आली पाहिजे. जाड पत्र्यासाठी ती न सरकवता जोर लावल्यास यंत्र मध्यभागी कायमचे वाकू शकते.

जुने यंत्र घेताना : पूर्ण लांबीचा पत्रा वाकवून दोन्ही टोके व मध्य येथील कोन मोजावा. जुळवणी करूनही मधला कोन कमी भरत असेल, तर सांगाडा वाकल्याचा संशय घ्यावा. असे यंत्र स्वस्त मिळाले, तरी त्यावरची प्रत्येक पेटी तिरकी निघेल.

यंत्र बसवताना ते जमिनीला बोल्टने घट्ट आवळावे. अन्यथा पत्रा वाकवताना ते पुढे कलंडण्याचा धोका असतो.