शी!

शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर पडला आणि टीमच्या चॅटवर मी तीनच अक्षरं टाईप केली: यू, जी, एच. म्हणजे 'अग्ग!' एवढासा उद्गार, पण कामं किती! घाण वास आला, सोमवार उजाडला, मॅनेजरचा मेल आला... सगळीकडे चालतो. आपल्या 'शी'चंही तेच. बाळाला 'शी' होते, डब्यात कारलं निघालं की 'शी', आणि 'शी, काहीतरीच हं तुझं!' मध्ये तर चक्क लाजणं आहे :)

चार्ल्स डार्विनने भावनांवरच्या आपल्या १८७२ च्या पुस्तकात हा 'अग्ग' नोंदवलाय. तिथेच एक किस्सा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तो थंड मांस खात होता. तिथल्या एका माणसाने त्याला बोट लावलं आणि त्या मऊपणाची त्याला किळस आली. डार्विनला किळस आली ती त्याने बोट लावल्याची. हात काही घाण दिसत नव्हते, हे डार्विनच लिहितो!

हे वाचलं आणि मला खर्डा आठवलं, आपल्या जामखेड तालुक्यातलं. मार्च १७९५ मध्ये इथे मराठ्यांनी निजामाला हरवलं, एवढं शाळेत शिकलो. त्याच छावणीची एक गोष्ट सांगतात. शिदनाक महाराचा तंबू इतरांच्या तंबूंजवळ होता म्हणून तक्रार झाली. तेव्हा हिरोजी पाटणकरांनी म्हणे सुनावलं, ही पंगत नव्हे, लढाई आहे. इथे जात नाही, तलवार बघायची. पुढे परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव शिदनाकानेच वाचवला, असंही सांगतात.

गोष्ट मला फार आवडायची. मग त्यातला बग दिसला. 'ही पंगत नव्हे' म्हणजे काय? पंगतीत ती किळस रास्तच!

याच खर्ड्यात २०१४ मध्ये सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

आणि खर्ड्यापर्यंत तरी कशाला जा? आमच्या घरी कामाच्या मावशींचा कप वेगळा, ओट्याखाली असतो. 'शी' कुणीच म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही. गेल्या रविवारी मी तो धुवून आमच्या कपांमध्ये ठेवला. आई काही बोलली नाही.

संध्याकाळी कप परत ओट्याखाली होता.