हजार कातड्यांचा चाकू, एका हरणाचा चाकू

शिकारी चाकू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं पातं येतं. वीतभराहून लांब, जाडजूड, टोक वर उचललेलं. अमेरिकेत या रुपड्याला बोवी नाइफ म्हणतात. जिम बोवी 1827 मध्ये मिसिसिपीकाठच्या वाळूवर झालेल्या एका मारामारीमुळे गाजला आणि 1836 मध्ये टेक्ससमधल्या अलामोच्या लढाईत मेला. त्याच्या नावाचा चाकू त्याच्याहून जास्त गाजला. पण दोन्ही प्रसंग माणसांशी लढण्याचे आहेत. शिकार केलेला प्राणी समोर पडला की या चाकूचा फारसा उपयोग होत नाही.

कारण खरं काम तिथून पुढे सुरू होतं आणि ते दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा पोट उघडून आतडी बाहेर काढण्याचा. मेलेल्या प्राण्याचं शरीर आतून बराच वेळ गरम राहतं आणि मांस नासायला लागतं, म्हणून हे जागेवरच उरकावं लागतं. इथे चाकूचं टोक जरा जास्त आत गेलं की आतडं किंवा मूत्राशय फुटतं आणि घाण मांसावर सांडते. दुसरा टप्पा कातडं सोलण्याचा. कातडं आणि मांस यांच्यामध्ये पांढरट पातळ पापुद्रा असतो. चाकू त्या पापुद्र्यातूनच फिरला पाहिजे. टोकदार, सरळ पातं कातड्यात रुततं आणि भोक पाडतं. म्हणून सोलायच्या चाकूला गोलाई हवी. पात्याच्या या फुगीर भागाला पोट म्हणतात. मनगट फिरेल तसा पोटाचा थोडाथोडा भाग कातड्याला टेकत जातो, दाब सारखा राहतो आणि टोक वाटेत येत नाही.

म्हणजे चांगला चाकू निवडताना विचारायचे प्रश्न साधे आहेत: टोक कुठे आहे, पोट किती आहे, पातं किती पातळ आहे. मला मात्र त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावीशी वाटते: किती प्राण्यांसाठी? अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्ड गावचं. जॉन रसेल या माणसाने 1830च्या दशकात तिथल्या ग्रीन रिव्हर नदीच्या काठी कारखाना काढला. तेव्हा चाकू-सुऱ्यांच्या धंद्यावर इंग्लंडच्या शेफिल्ड शहराची पकड होती. रसेलने यंत्राने चालणारे घण बसवले आणि जास्त पगार देऊन इंग्लिश कारागीर आणले. त्याचा माल दिखाऊ नव्हता. साधं कार्बन पोलाद, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली पात्याची शेपटी, दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे आणि त्यांतून ठोकलेल्या खिळ्या. पात्यावर ‘ग्रीन रिव्हर वर्क्स’ असा छाप असायचा. पश्चिमेकडे जाणाऱ्या सापळेवाल्यांमध्ये आणि शिकाऱ्यांमध्ये हा छाप इतका चालला की शेफिल्डवाल्यांनीच त्याची नक्कल सुरू केली.

याच घराण्यातला गोल पोटाचा, पातळ सोलायचा चाकू पुढे बायसनच्या कत्तलीत वापरला गेला. आपल्याकडे दाजीपूरच्या अभयारण्यातल्या गव्यालाही बायसन म्हणतात, पण हा प्राणी वेगळा. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर त्याचे कोट्यवधींचे कळप होते. तिथल्या लाकोटा, शायेन, कोमांची, कायोवा अशा लोकांचं अन्न, निवारा, कपडे, सगळं त्याच्यावर चालत असे. कातडी कमावण्याचं काम बायका हाताने करायच्या: खरवडून, मेंदू चोळून, मऊ करून. पांघरुणासाठी केसाळ कातड्यांचा व्यापार आधीपासून होता, पण एका बाईच्या हातून एका हंगामात थोडीच कातडी तयार व्हायची. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा जागेला बॉटलनेक म्हणतात. साखळीतला सगळ्यात सावकाश टप्पा सगळ्या साखळीचा वेग ठरवतो.

1871च्या सुमारास हा बॉटलनेक फुटला. बायसनच्या जाड कातड्यापासून कारखान्यात टिकाऊ चामडं बनवण्याची रीत टॅनरीवाल्यांना साधली. कारखान्यांतली यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यांसाठी अशा चामड्याला मोठी मागणी होती. रेल्वे मैदानांपर्यंत पोचलेली होती. लांब पल्ल्याच्या शार्प्स रायफली होत्या. मारणं जलद झालं, वाहून नेणं जलद झालं, कमावणं जलद झालं. फक्त सोलणं पूर्वीसारखंच राहिलं: एक माणूस, एक चाकू, एक प्राणी.

म्हणून एका नेमबाजामागे सोलणारे दोन-चार गडी असायचे. त्यांच्या कमरेला सहसा दोन चाकू असत. एक सरळ आणि टोकदार, हनुवटीपासून शेपटीपर्यंत चीर देण्यासाठी. दुसरा गोल पोटाचा, सोलण्यासाठी. सोबत धार लावायची पोलादी सळई. काही टोळ्या कडेचं कातडं मोकळं करून बाकीचं घोडा जुंपून ओढून काढायच्या. मग ते जमिनीवर ताणून खुंट्या ठोकून वाळवायचं. मांस बहुतेक वेळा तिथेच कुजायचं. अनुभवी नेमबाज त्या दिवशी सोलून होतील तेवढेच प्राणी मारायचा.

नवशिके मात्र आधी खूप मारायचे, मग वाईट सोलायचे. रिचर्ड डॉज या सैन्यातल्या अधिकाऱ्याने याचा हिशोब मांडला होता. त्याच्या अंदाजाने 1872 मध्ये बाजारात पोचलेल्या एका कातड्यामागे तीन बायसन मेलेले असत. फाटलेली, भोकं पडलेली, नीट न वाळवलेली कातडी वाया जात. 1873 मध्ये हे प्रमाण एका कातड्यामागे दोनवर आलं. 1874 पर्यंत लोक इतके तरबेज झाले की शंभर कातड्यांमागे सव्वाशेच प्राणी मरू लागले.

हा आलेख एकटा पाहिला तर कुणालाही आनंद होईल. नासाडी घटतेय, कौशल्य वाढतंय. आता त्याच्या शेजारी सांता फे रेल्वेने वाहिलेल्या कातड्यांचे आकडे ठेवा. 1872 मध्ये 1,65,721. 1873 मध्ये 2,51,443. 1874 मध्ये 42,289. सोलणाऱ्यांचा हात बसला तोवर त्या भागातले कळप संपत आले होते. मग शिकारी दक्षिणेकडे टेक्ससमध्ये गेले, नंतर उत्तरेकडे. 1889 मध्ये विल्यम हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने अख्ख्या उत्तर अमेरिकेत उरलेल्या बायसनची मोजदाद मांडली: 1,091. ज्या लोकांचं जगणं या प्राण्यावर होतं, ते उपासमारीने सरकारी राखीव प्रदेशांत ढकलले गेले. ग्रीन रिव्हरच्या चाकूत दोष शोधून सापडत नाही, तो आपल्या कामात उत्तमच होता. त्याला काम किती द्यायचं, हे ठरवणारं कुणी नव्हतं.

तो ‘कुणी’ यायला 1894 उजाडावं लागलं. यलोस्टोन नॅशनल पार्क 1872 मध्येच झालं होतं, म्हणजे ऐन कत्तलीच्या वर्षी, आणि तिथे थोडे रानटी बायसन उरले होते. पण शिकाऱ्याला शिक्षा करणारा दमदार कायदा नव्हता. मार्च 1894 मध्ये फेलिक्स बर्जेस या टेहळ्याने एडगर हॉवेल नावाच्या चोरट्या शिकाऱ्याला बर्फात पकडलं. हॉवेल तेव्हा काय करत होता? बायसन सोलत होता. रायफल बाजूला होती, लक्ष चाकूवर होतं, वारा उलटा असल्याने त्याच्या कुत्र्यालाही चाहूल लागली नाही. सगळ्या साखळीतला तो एकमेव सावकाश टप्पा त्याला नडला. एमर्सन हफ हा ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकाचा बातमीदार त्या वेळी पार्कमध्येच होता. बातमी देशभर गेली आणि मे महिन्यात पार्कमधल्या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

चाकूच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर याच साप्ताहिकात लिहिणाऱ्या माणसाचं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स, पेन्सिल्व्हेनियातल्या वेल्सबरोचा चांभार. लहानपणी त्याला रानाचे धडे देणाऱ्या नेसमक नावाच्या मूळनिवासी माणसाचंच नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतलं. अंगाने किरकोळ आणि तब्येतीने नाजूक असलेला हा माणूस पाच किलोहून कमी वजनाच्या होडीतून सरोवरं पालथी घालायचा. 1884 मध्ये त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. त्यात त्याने दुकानांतल्या भल्यामोठ्या शिकारी चाकूंची टर उडवली आणि स्वतःचा चाकू दाखवला. आखूड, पातळ, पोटाला गोलाई. सोलायला, मांस कापायला आणि जेवायलाही तोच. तोडफोडीसाठी सोबत छोटी कुऱ्हाड आणि खिशात एक मिटणारा चाकू. दिवसाला ढीगभर कातडी काढणाऱ्याची ही अवजारं नव्हेत. पाठीवरच्या ओझ्यात मावेल तेवढंच घेऊन रानात जाणाऱ्याची ही निवड आहे.

पुढे शिकारीला परवाने, हंगाम आणि मर्यादा आल्या. वर्षाला एखादंच हरीण मिळणार म्हटल्यावर चाकूचं लक्ष वेगाकडून काळजीकडे वळलं. 1950च्या दशकात बॉब लव्हलेस या खलाशाला न्यूयॉर्कच्या दुकानात हवा असलेला चाकू लगेच मिळाला नाही, म्हणून त्याने भंगारातल्या मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःच बनवला. त्याच्या हाताखाली ज्या घाटाला लोकप्रियता मिळाली, तो ड्रॉप पॉइंट. यात पात्याची पाठ हळूच उतरत टोकाला भेटते, त्यामुळे टोक खाली येतं आणि पोट उघडताना आतड्यात घुसण्याचा धोका कमी होतो. पातं साधारण साडेतीन-चार इंच. आज जगभर शिकारी चाकू म्हणून सर्रास विकला जाणारा घाट हाच आहे.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न बहुतेकांसाठी फक्त इतिहासाचा उरला. तरीही मला निवडायला सांगितलं तर मी नेसमकचा चाकू निवडीन. सोलायच्या वेगात ग्रीन रिव्हर कदाचित सरस ठरेल, टोकाच्या सुरक्षिततेत लव्हलेसचा नक्की सरस आहे. पण नेसमकने आधी आपल्याला किती लागतं ते ठरवलं आणि मग पातं घडवून घेतलं. आणि हे त्याने अशा दशकात केलं, जेव्हा मैदानांवर बायसनची हाडंसुद्धा गोळा करून खताच्या कारखान्यांना विकली जात होती.