चोपण
गेवराईतल्या आमच्या रानात पाऊस झाला की पाणी दिवसदिवस मुरत नाही. वाळलं की ढेकूळ दगडासारखं. आजोबा म्हणायचे, "कालवा आला अन् रान चोपण झालं."

हे नीरेकाठी आधीच घडलं होतं. १८८५ साली डावा कालवा सुटला, पुढं ऊस वाढला, आणि १९१० मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मॅननं सहकाऱ्यासोबत तिथल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. जायकवाडी १९७६ चं. म्हणजे धडा सहासष्ट वर्षं जुना होता!

चोपणावर उपाय जिप्सम: त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेलं सोडियम हुसकावतं. चुन्याचा उपयोग नाही. चुनखडी रानात आधीच आहे, विरघळत नाही एवढंच. पप्पांनी दोनदा जिप्सम टाकलं, पण चर काढलेच नव्हते. सुटलेलं सोडियम जाणार कुठं? यंदा आधी चर.