चित्रकथेचे संपादक अनंत पै

मराठवाड्यांतील मुलांच्या कानांवर पुराणकथा पडत आल्या त्या कीर्तनांतून आणि जात्यावरच्या ओव्यांतून. परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें तर संत जनाबाईंचें जन्मस्थान. जातें आणि ओवी यांचें नातें त्यांच्या नांवाशीं कायमचें जडलेलें आहे. परंतु जेथें जातें नाहीं, आजी गांवीं राहिली आहे आणि मुलांच्या हातीं इंग्रजी पुस्तक आहे, अशा शहरी घरांत हा वारसा कोणीं पोंचवावा? या प्रश्नाला उत्तर देण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, ते संपादक म्हणजे अनंत पै.

पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजीं कर्नाटकांतील कार्कळ येथें झाला. लहानपणींच आईबापांचें छत्र हरपलें. बाराव्या वर्षीं ते मुंबईस आले आणि पुढें रसायनशास्त्र शिकले; परंतु ओढ होती ती बालवाङ्मयाची. १९५४ सालीं त्यांनीं ‘मानव’ हें मुलांचें मासिक काढलें. तें चाललें नाहीं. पुढें टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेंत असतांना १९६४ सालीं निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’शीं त्यांचा संबंध आला. त्यांतील वेताळ मराठी मुलांचा लाडका झाला खरा, पण तो मूळचा अमेरिकन लेखणींतून उतरलेला.

१९६७ सालीं दिल्लींत दूरदर्शनवर त्यांनीं मुलांची एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक देवतांविषयींचें उत्तर मुलांना आलें. रामाच्या आईचें नांव मात्र सांगतां आलें नाहीं. त्यांनीं नोकरी सोडली आणि इंडिया बुक हाउसच्या आश्रयानें ‘अमर चित्र कथा’ हातीं घेतली. मालेचे पहिले दहा अंक पाश्चात्य परीकथांचे होते. म्हणून राम वाईरकर यांच्या चित्रांनीं सजलेल्या ‘कृष्ण’ अंकावर अकरा हा क्रमांक आहे. आरंभीं विक्री मंद होती. पुढें मात्र मालेंत चारशेंहून अधिक कथा निघाल्या, आणि १९८० सालीं ‘टिंकल’ हें मासिकहि आलें.

चित्रें दाखवीत कथा सांगणें महाराष्ट्राला नवें नव्हतें; कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तेंच करीत आले. फरक इतकाच, कीं चित्रकथी प्रत्येक वेळीं कथा नव्यानें सांगतो. छापलेली कथा मात्र सर्वत्र एकच असते. म्हणून संपादकाची निवड जड ठरते. पहिल्या ‘कृष्ण’ अंकांत पै यांनीं चमत्कारांना फारसा वाव दिला नव्हता. पुढच्या आवृत्तींत गोवर्धन उचलणारा कृष्ण आला. देव गोरे आणि राक्षस काळे, स्त्रिया बहुधा सोशिक, अशी टीकाहि अभ्यासकांनीं केली, आणि ती निराधार नाहीं. जात्यावरची सीता आपलें दुःख ज्या मोकळेपणानें बोलते, तो मोकळेपणा बत्तीस पानांत सहसा मावत नाहीं.

२४ फेब्रुवारी २०११ रोजीं पै मुंबईंत निवर्तले. ज्या घरांत कथा सांगणारें कोणी उरलें नव्हतें, तेथें त्यांनीं ती नेऊन ठेवली, हें त्यांचें ऋण मोठें आहे. त्या अंकापुढची गोष्ट सांगणें हें मात्र घरांतल्या वडीलधाऱ्यांचेंच काम आहे.