गाळात काय होतं?

सांडपाणी शुद्ध करायचं म्हणजे घाण काढून फेकायची, असं आपण धरून चालतो. मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम केंद्रातल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मात्र ती राखून ठेवली. बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली, तर ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे 5 आठवडे लागले. मग त्यांनी वरचं निवळ पाणी काढलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. दर खेपेला वेळ कमी होत गेला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. 1914च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे जाहीर मांडलं. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले.

गाळात होते जिवंत जिवाणू. घाण हेच त्यांचं अन्न, पण श्वासाला हवा लागतेच. आपल्याकडची कित्येक केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात. विजेचं बिल वाचवायला हवा बंद केली, की हे जीव गुदमरतात. टाकी भरलेली दिसते, पाणी मात्र तसंच नदीत जातं. तेव्हा केंद्र केवढं बांधलं, एवढंच विचारून भागणार नाही. हवा रात्रंदिवस चालू असते का, हेही आपण विचारलं पाहिजे.