मोटारीचा थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट ही मोटारीच्या शीतकरण यंत्रणेतील एक स्वयंचलित झडप आहे. इंजिन व रेडिएटर यांमधील शीतकाचा प्रवाह ती तापमानानुसार रोखते किंवा मोकळा करते. इंजिन थंड करणे हे थर्मोस्टॅटचे काम नव्हे. ते रेडिएटर व पंख्याचे. इंजिन लवकर योग्य तापमानाला आणणे आणि पुढे त्याच तापमानाच्या आसपास राखणे हे थर्मोस्टॅटचे काम होय.

रचना व कार्य

झडपेच्या मध्यभागी मेणाने भरलेली धातूची कुपी असते. शीतक तापला की मेण वितळून प्रसरण पावते, दट्ट्या ढकलला जातो आणि स्प्रिंगचा दाब मोडून झडप उघडते. शीतक निवला की स्प्रिंग ती पुन्हा बंद करते. ही मेणाची योजना सर्जियस व्हर्ने याने १९३० च्या दशकात शोधली. बहुतेक मोटारींत झडप ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते व त्यापुढे सुमारे १० ते १५ अंशांवर पूर्ण उघडते. ती बंद असताना शीतक बगलमार्गाने इंजिनातच फिरत राहतो.

पिंपरी-चिंचवड परिसर

या औद्योगिक पट्ट्यात थर्मोस्टॅट असलेली व नसलेली अशी दोन्ही प्रकारची वाहने तयार झाली. आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातील जुन्या चेतक स्कूटरचे इंजिन हवेने थंड होत असल्याने तिच्यात थर्मोस्टॅटचा प्रश्नच नव्हता. टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कंपनीच्या पुणे प्रकल्पातील १९९८ ची इंडिका मोटार मात्र शीतकाने थंड होणारी होती. चाकणला तयार होणाऱ्या द्रवशीतित मोटारसायकलींतही थर्मोस्टॅट असतो.

काढून टाकण्याची प्रथा

बोरघाटात चढावर गाडीचे पाणी उकळले की थर्मोस्टॅटच काढून टाकायचा, ही गॅरेजांतील जुनी रीत. ‘आपला देश उष्ण, इथे त्याची गरज नाही’ हे तिचे नेहमीचे समर्थन. ते हिशेबाला टिकत नाही. पुण्याचा मे महिन्यातील ४० अंशांचा उन्हाळा धरला, तरी इंजिनाच्या योग्य तापमानापेक्षा तो ४० ते ५० अंशांनी कमीच असतो. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सावकाश तापते, इंधन जास्त खाते, त्याच्या तेलात बाष्प व काजळी साठून गाळ होतो आणि सिलिंडरची झीज वाढते. निगडीहून पिंपरीला जाऊन परतण्याएवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे यात अधिक नुकसान होते, कारण तिचे इंजिन पुरेसे तापण्यापूर्वीच बंद होते.

काही इंजिनांत याच्या नेमके उलट घडते. त्यांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूस दुसरी चकती असते व मुख्य झडप उघडताना ती बगलमार्ग बंद करते. असा थर्मोस्टॅट काढल्यास बगलमार्ग कायम उघडा राहतो, बराचसा शीतक रेडिएटरला टाळून फिरतो आणि गाडी घाटात पूर्वीपेक्षा अधिक तापते. पाणी उकळण्याचे मूळ कारण पुष्कळदा तुंबलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा, झिजलेला पाण्याचा पंप किंवा दाब न धरणारे झाकण हे असते.

बिघाडाची लक्षणे व तपासणी

झडप उघडी अडकल्यास मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खालीच राहतो. बीएस-६ मानकांच्या गाड्यांत (१ एप्रिल २०२० पासून) यामुळे इंजिनाचा इशारा-दिवा लागू शकतो. झडप बंद अडकणे अधिक घातक असते: काटा लाल रेषेकडे चढतो, पण रेडिएटरची एक नळी थंडच राहते. अशा वेळी गाडी चालवत राहिल्यास हेड गॅस्केट जळते किंवा सिलिंडर हेड वाकते.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगून, तापमापीसह तापवतात. त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे पातेल्यात झडप पूर्ण उघडली नाही, एवढ्यावरून तिला सदोष ठरवू नये. विद्युत तापकाने नियंत्रित होणाऱ्या नव्या थर्मोस्टॅटना ही चाचणी लागू पडत नाही.

बदलणे

थर्मोस्टॅटची दुरुस्ती होत नाही, तो बदलावाच लागतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. तापलेल्या यंत्रणेतील शीतक दाबाखाली असतो आणि झाकण सैल होताच उसळून गंभीर भाजते. शीतक भांड्यात काढून, नळी सोडवून आवरणाचे बोल्ट काढतात. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करावा लागतो. नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्यावा. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूस येते व हवा सुटण्याचे छिद्र असल्यास ते वर ठेवतात. ॲल्युमिनियमच्या आवरणाचे आटे सहज जातात, म्हणून बोल्ट आळीपाळीने व हात राखून आवळतात. अनेक नव्या गाड्यांत थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या आवरणासह एकसंध येतो. तेथे संपूर्ण संचच बदलतात.

त्यानंतर उत्पादकाने सांगितलेला शीतक, खनिजविरहित पाण्यासह सांगितलेल्या प्रमाणात, भरतात. नळाचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरल्यास क्षार साचतात, गंज चढतो आणि नवा थर्मोस्टॅटही अडकतो. शेवटी इंजिन चालू ठेवून यंत्रणेतील हवा काढून टाकतात. हे राहिले तर हवेचा बुडबुडा कुपीभोवती अडकतो आणि झडप उशिरा उघडते.

काढलेल्या शीतकात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले व कुत्री-मांजरे यांच्यापासून ते दूर ठेवावे लागते. ते गटारात ओतू नये, कारण पिंपरी-चिंचवडमधील अनेक नाले पवना नदीला मिळतात.